गर्भाशयातील गाठ: टाके किती ते नंतर, पिशवी राहणार की जाणार ते आधी विचारा

पाळीत अंगावरून खूप जातं, कंबर धरते, जिना चढताना धाप लागते. चार-सहा महिने हे सगळं अंगावर काढल्यावर बाई दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर 'फायब्रॉइड' हा शब्द येतो. घरी पोहोचेपर्यंत त्याचं 'पिशवीत गाठ' झालेलं असतं. मग शेजारणीपासून नणंदेपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच: "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाक. कटकट नको."

गेल्या काही वर्षांत या सल्ल्याला एक जोड मिळाली आहे. "आता काय, दुर्बिणीतून होतं. टाके नाहीत, तिसऱ्या दिवशी घरी." बेळगाव असो, कोल्हापूर असो की इंदूर-हैदराबाद, दवाखान्यांच्या पाट्यांवर 'दुर्बिणीद्वारे' आणि 'बिनटाक्याची' हे शब्द ठळक अक्षरांत दिसतात. हे शब्द खोटे नाहीत. पण त्यातून एक गैरसमज पक्का होत चालला आहे, की टाके नाहीत म्हणजे शस्त्रक्रिया लहान.

'दुर्बिणीतून' हा शब्द डॉक्टर कुठल्या वाटेने आत जाणार एवढंच सांगतो. आत जाऊन फक्त गाठ काढणार की अख्खं गर्भाशय, हे त्यातून कळत नाही. दुर्बिणीतून गर्भाशय काढलं तरी ते गेलं ते गेलंच. त्यामुळे पहिला प्रश्न टाक्यांचा नाही. गाठीवर इलाज होणार की पिशवीच जाणार, हा आहे. आणि या दोन्हींच्या मधे आज बरेच पर्याय आहेत.

ही गाठ म्हणजे नेमकं काय?

गर्भाशय ही स्नायूंची जाड भिंत असलेली पिशवी. त्या भिंतीतल्याच स्नायूंची एखाद्या ठिकाणी वाढ होऊन गोळा तयार होतो, तो फायब्रॉइड. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर तो पोसला जातो. म्हणून पाळी सुरू असलेल्या वयात गाठी वाढतात आणि पाळी कायमची गेली की बहुतेक वेळा आपोआप आकसतात.

या गाठी फार सर्रास आढळतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना अशा गाठी झालेल्या दिसल्या. त्यातल्या अनेकींना कसलाच त्रास नव्हता. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ सापडली आणि त्रास काहीच नसला, तर बहुतेक वेळा इलाजाची गरज नसते. ठरावीक काळाने तपासून घेणं पुरतं.

सगळ्यात मोठी भीती कॅन्सरची. फायब्रॉइड हा कॅन्सर नव्हे. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांपैकी फार थोड्यांत ती गाठ सार्कोमा नावाच्या कॅन्सरची निघते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये हे प्रमाण ३५० जणींत एक असं धरलं होतं. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत ते याहून कमी आढळलं. म्हणजे "गाठ ठेवली तर कॅन्सर होईल" एवढ्याच कारणासाठी पिशवी काढायला सांगितलं गेलं, तर तो सल्ला दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवा. मात्र पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त जाणं, किंवा त्या वयात गाठ वाढत राहणं, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे लगेच तपासणी हवी.

गाठ किती मोठी, त्याआधी गाठ कुठे?

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर सेंटिमीटरच्या आकड्यावर जाते. पण इलाज ठरतो तो गाठीच्या जागेवरून. घराच्या भिंतीचं उदाहरण घेतलं तर हे सोपं होतं.

काही गाठी भिंतीच्या आतल्या बाजूला, गर्भाशयाच्या पोकळीत डोकावतात. बोराएवढी गाठही इथे असली तर पाळीत भरपूर रक्त जाऊ शकतं, गर्भ राहायला अडथळा येऊ शकतो. काही गाठी भिंतीच्या मधोमध असतात. त्या वाढल्या की पिशवी फुगते, रक्तस्राव वाढतो, ओटीपोट जड होतं. काही बाहेरच्या बाजूला वाढतात. त्या नारळाएवढ्या झाल्या तरी पाळीवर फारसा परिणाम होत नाही, पण लघवीच्या पिशवीवर किंवा आतड्यावर दाब येतो. सारखी लघवीला लागते, पोट साफ होत नाही.

म्हणून दोन सेंटिमीटरची गाठ असलेली बाई हैराण आणि आठ सेंटिमीटरची गाठ असलेली बाई शेतात निवांत काम करतेय, असं होऊ शकतं. डॉक्टर कधी कधी "पिशवी बारा आठवड्यांची झालीय" असं म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की गाठींमुळे गर्भाशयाचा आकार बारा आठवड्यांच्या गरोदरपणातल्याएवढा झाला आहे.

जागा नक्की करण्यासाठी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी साधारणपणे पुरेशी असते. गाठी अनेक असतील, मोठ्या असतील किंवा गर्भाशय वाचवून इलाज करायचा असेल, तर एमआरआयची मदत होते. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला अनियमित किंवा जास्त रक्तस्राव होत असेल, तर कुठलाही इलाज ठरवण्याआधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घेणंही महत्त्वाचं ठरतं.

आधी अंगात रक्त हवं

गाठीपेक्षा अनेकदा जास्त नुकसान करतो तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या देशातील ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. कर्नाटकात हे प्रमाण ४७.८ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि गोव्यात ३९ टक्के होतं. आधीच रक्त कमी आणि त्यात महिन्याला आठ-दहा दिवस अंगावरून जाणं, मग थकवा येणारच. स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरला जातो. सहा-सातवर आलेल्या बाईला घाईने टेबलावर घेण्यापेक्षा आधी लोहाच्या गोळ्या, गरजेनुसार शिरेतून लोह किंवा रक्त देऊन तब्येत सावरणं, हा नीट उपचाराचाच भाग आहे.

रक्तस्राव कमी करण्यासाठी पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात. शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा त्रास आधी झालेला असेल, तर त्या चालत नाहीत. दुसरा पर्याय गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाचा. बोलताना त्याला 'हार्मोनवाली कॉपर-टी' म्हणतात, पण त्यात तांबं नसतं. ते लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक थोडं थोडं सोडत राहतं आणि काही वर्षं पाळीतलं रक्त बरंच कमी करतं. गाठीमुळे गर्भाशयाची पोकळीच वेडीवाकडी झाली असेल, तर मात्र ते नीट बसत नाही, निसटूही शकतं.

गाठ तात्पुरती आकसवण्यासाठी ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं आहेत. त्यांनी शरीरातलं इस्ट्रोजेन खाली येतं, पाळी थांबते, गाठ लहान होते. पण अंगातून गरम वाफा येणं, घाम फुटणं, हाडं ठिसूळ होणं असे त्रास असल्याने ती साधारण तीन ते सहा महिनेच देतात. बंद केली की गाठ पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेआधी रक्त भरून काढायला वेळ मिळावा आणि गाठ थोडी लहान व्हावी, यासाठी त्यांचा खरा उपयोग. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या काही स्त्रियांना औषधांवरच हा काळ काढता येतो.

पोटाला हात न लावता: खालच्या मार्गाने दुर्बीण

गाठ पोकळीत डोकावणारी असेल, तर सगळ्यात साधा मार्ग हा. हिस्टेरोस्कोप नावाची बारीक दुर्बीण योनीमार्गातून गर्भाशयात नेतात. पोकळी द्रवाने फुगवून गाठ दिसेल अशी करतात आणि तारेच्या कडीने किंवा कापणाऱ्या उपकरणाने तिचे तुकडे करून काढतात. पोटावर एकही छेद नाही. बऱ्याच जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि काही दिवसांत कामाला लागतात. पुढे मूल हवं असलेल्या स्त्रीसाठीही हा मार्ग चांगला.

याचीही मर्यादा आहे. गाठ लहान आणि मुख्यतः पोकळीत असावी लागते. तिचा बराचसा भाग भिंतीत रुतलेला असेल, तर काम दोन टप्प्यांत करावं लागू शकतं. पोकळी फुगवण्यासाठी सोडलेला द्रव शरीरात जास्त शोषला गेला तर तो धोकादायक ठरतो. म्हणून आत किती गेला आणि बाहेर किती आला, याचा हिशेब ऑपरेशन चालू असताना ठेवावाच लागतो.

पोटातून दुर्बीण: गाठ काढायची, पिशवी ठेवायची

भिंतीतल्या आणि बाहेरच्या गाठींसाठी लॅप्रोस्कोपी. पोटावर अर्धा ते एक-सव्वा सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं करतात. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. गाठ सोलून काढतात आणि गर्भाशयाची भिंत आतून थराथराने शिवतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा वेदना कमी, दवाखान्यातला मुक्काम कमी, आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत रोजची कामं सुरू होतात. पोट उघडलं तर सावरायला सहा आठवडे धरावे लागतात.

या शस्त्रक्रियेचं कसब गाठ काढण्यापेक्षा भिंत शिवण्यात आहे. ती नीट शिवली गेली नाही, तर पुढच्या गरोदरपणात ताण येऊन भिंत फाटण्याचा धोका असतो. म्हणून मूल हवं असेल तर काही महिने थांबायला सांगतात. छेद खोल गेला असेल तर बाळंतपण सिझेरियनने करण्याचा सल्ला देतात. शस्त्रक्रियेचे कागद सांभाळून ठेवणं यासाठीच गरजेचं. बाळंतपण दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यात झालं, तर तिथल्या डॉक्टरांना आत काय केलं होतं ते कळायला हवं.

आणखी एक प्रश्न मोठी गाठ लहान छिद्रातून बाहेर काढण्याचा. त्यासाठी पोटातच गाठीचे तुकडे करणारं मॉर्सेलेटर नावाचं यंत्र वापरतात. गाठ चुकून कॅन्सरची निघाली, तर तिचे कण पोटभर पसरू शकतात. या कारणाने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या यंत्राबाबत इशारा दिला. त्यानंतर गाठ आधी पोटातच एका पिशवीत घेऊन मग तुकडे करण्याची पद्धत रुळत गेली. "गाठ बाहेर कशी काढणार, पिशवीत घेऊन का?" हा प्रश्न पेशंटने विचारण्यासारखा आहे.

गाठी खूप मोठ्या किंवा संख्येने फार असतील, तर पोट उघडून गाठी काढणं हाच सुरक्षित मार्ग ठरू शकतो. दुर्बिणीचा हट्ट धरून अर्धवट काम होण्यापेक्षा ते बरं. त्यातही गर्भाशय वाचतं. आणि कुठल्याही मार्गाने गाठी काढल्या तरी पुढे नव्या गाठी होऊ शकतात, हे आधी माहीत असलेलं चांगलं.

गाठीचा रक्तपुरवठा तोडणं

या पद्धतीचा शोध जवळजवळ योगायोगाने लागला. पॅरिसमधले डॉक्टर झाक रावीना गाठीच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं म्हणून आधी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करून घेत. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या काही स्त्रियांचा त्रास तेवढ्यानेच कमी झाला आणि पुढची शस्त्रक्रिया करावीच लागली नाही. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने हा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तिथून ही पद्धत जगभर गेली.

तिला युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन म्हणतात. ती स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. हृदयाच्या अँजिओग्राफीसारखंच मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून बारीक नळी आत नेतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती दोन्ही बाजूंच्या गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत पोहोचवतात आणि वाळूच्या कणांसारखे सूक्ष्म कण सोडतात. रक्त मिळेनासं झालं की गाठी सुकतात. पोटावर छेद नाही आणि पूर्ण भूल बहुतेक वेळा लागत नाही.

पहिल्या दिवशी ओटीपोटात चांगलंच दुखतं. काहींना ताप, मळमळ होते. गाठ लगेच नाहीशी होत नाही, काही महिन्यांत हळूहळू आकसते. बहुतेक स्त्रियांचा रक्तस्राव मात्र कमी होतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात ही पद्धत वापरलेल्या स्त्रियांचा दहा वर्षं मागोवा घेतला गेला. साधारण दोन-तृतीयांश जणींना गर्भाशय काढावं लागलं नाही, बाकीच्यांना पुढे काढावं लागलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील २५४ स्त्रियांच्या अभ्यासात गाठी काढणं आणि एम्बोलायझेशन यांची तुलना झाली. दोन्हींनी त्रास कमी झाला, पण दोन वर्षांनंतर गाठी काढलेल्या स्त्रियांची तब्येत थोडी अधिक चांगली दिसली.

मूल हवं असलेल्या स्त्रीला ही पद्धत सहसा पहिला पर्याय म्हणून सुचवत नाहीत. पंचेचाळिशीच्या पुढे क्वचित पाळी लवकर थांबू शकते. दुसरीकडे, भूल देणं धोक्याचं असलेल्या, मोठ्या ऑपरेशनची तयारी नसलेल्या आणि कुटुंब पूर्ण झालेल्या स्त्रीला याचा चांगला उपयोग होतो. अडचण अशी, की अनेक ठिकाणी तिला या पद्धतीबद्दल सांगितलंच जात नाही. ती करणारे डॉक्टर वेगळ्या विभागात असतात.

उष्णतेने गाठ मारणं

सोनोग्राफीच्याच जातीच्या पण तीव्र ध्वनिलहरी बाहेरून एका बिंदूवर एकवटल्या, तर त्या जागी ६० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता निर्माण होते आणि गाठीचा तेवढा भाग मरतो. एमआरआयच्या मदतीने नेम धरणाऱ्या अशा यंत्राला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. ना छेद, ना टाका. पण गाठ योग्य जागी हवी, मधे आतडं येता कामा नये, आणि यंत्र महाग असल्याने सोय मुख्यतः मोठ्या शहरांत. रेडिओ लहरींची सुई थेट गाठीत खुपसून ती आतून तापवणं, ही याच्या जवळची दुसरी पद्धत. या दोन्हींत गाठ काढली जात नाही. त्यामुळे तुकडा प्रयोगशाळेत तपासायला मिळत नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं.

पिशवी काढणं कधी योग्य?

गर्भाशय काढणं ही चूक आहे, असा याचा अर्थ नाही. कॅन्सर किंवा त्याची ठोस शंका असेल, बाकी इलाज करूनही रक्त थांबत नसेल, गाठींनी पिशवी भरून गेली असेल आणि मूल नको असेल, तर तो योग्य आणि कायमचा इलाज आहे. सगळं समजून घेऊन एखाद्या स्त्रीने तोच निवडला, तर तो तिचा हक्क आहे. आणि काढायचंच असेल, तर योनीमार्गातून किंवा दुर्बिणीतून काढल्यास ती लवकर सावरते. तिथे 'बिनटाक्याची' या शब्दाला खरा अर्थ आहे.

पण बीजाशयांचं काय करणार, हा प्रश्न त्याच वेळी सुटला पाहिजे. बीजाशयंही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका दिवसात सुरू होतात. तिशी-चाळिशीतल्या बाईच्या हाडांना आणि हृदयाला त्याची किंमत पुढची अनेक वर्षं मोजावी लागते. बीजाशयं ठेवली तरी गर्भाशय काढल्यावर त्यांचं काम काही वर्षं लवकर थांबू शकतं.

घाई का होते?

राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या सुमारे तीन टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आहे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हा आकडा आठ टक्क्यांच्या आसपास जातो. शरीर तेच, रोग तोच, मग एवढा फरक का, हा प्रश्न तज्ज्ञ बरीच वर्षं विचारत आहेत.

सीमाभागाला याचं जवळचं उदाहरण माहीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगाव परिसरात दर हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत बीड जिल्ह्यातील बायका मोठ्या संख्येने असतात. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या सर्वेक्षणात बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, फडावर ना संडास ना पाणी, आणि त्यात कॅन्सरची भीती. अशा वेळी "एकदाची काढून टाका" हेच सोपं वाटलं. ही वेळ फक्त फायब्रॉइडने आणलेली नव्हती. पण पर्याय कोणीच समजावून सांगितले नाहीत की काय होतं, ते इथे दिसतं.

गरज नसताना गर्भाशय काढण्याचे प्रकार बिहार, छत्तीसगड, राजस्थानातही उघड झाले होते. त्यावरील जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश त्यात होता.

सही कुणाची, कोणत्या भाषेत?

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आणखी एक निकाल प्रत्येक बाईला माहीत असावा असा आहे. दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेल्या एका ४४ वर्षांच्या स्त्रीचं गर्भाशय आणि बीजाशयं ती भुलीत असताना काढली गेली. संमती तिच्या आईकडून घेतली होती. न्यायालयाने म्हटलं, की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान स्त्रीच्या शरीराबाबत संमती तिचीच हवी. आईची नाही, आणि नवऱ्याचीही नाही.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. खानापूर, निपाणी, चंदगडकडचा पेशंट बेळगावला येतो, कुणी कोल्हापूर-मिरज गाठतं, कुणी गोव्यात बांबोळीला जातं. संमतीपत्र कधी इंग्रजीत, कधी कन्नडमध्ये. समजत नसलेल्या कागदावर सही करण्याआधी तो मराठीत समजावून सांगा, असं म्हणणं हा उद्धटपणा नव्हे. सही तिची, तर समजायलाही तिलाच हवं.

पैसे आणि योजना

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. सीमाभागातील ८६५ गावांसाठी फुले योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. कुठल्याही योजनेत जाण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला नेमकं विचारावं: यात फक्त गर्भाशय काढण्याचा खर्च मिळतो की गाठ काढण्याचा आणि एम्बोलायझेशनचाही? फुकट होतंय म्हणून पिशवी काढून घेणं, हा हिशेब पुढे महागात पडतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

• गाठी किती, कुठे आणि केवढ्या? माझा त्रास त्यांच्यामुळेच होतोय का?
• काहीच केलं नाही, फक्त लक्ष ठेवलं, तर काय होईल?
• औषधांवर भागेल का? किती महिने पाहायचं?
• गाठ काढणार की गर्भाशय? गर्भाशय काढणार असाल तर बीजाशयं राहणार का?
• माझ्या गाठीला खालच्या मार्गाची दुर्बीण, पोटातली दुर्बीण किंवा एम्बोलायझेशन चालेल का? चालत नसेल तर का?
• अशा किती शस्त्रक्रिया इथे होतात? मधेच पोट उघडावं लागण्याची शक्यता किती?
• गाठ पुन्हा झाली तर पुढे काय?
• काढलेली गाठ तपासायला पाठवणार का? रिपोर्ट कधी मिळेल?

तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात काही बिघडत नाही. फायब्रॉइड ही बहुतेक वेळा सावकाश वाढणारी गाठ आहे. आठ-पंधरा दिवस विचाराला घेतले तर नुकसान होत नाही.

मात्र इथे थांबू नये

तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, ओटीपोटात अचानक असह्य दुखू लागलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो "वयामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नये.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचार तपासणीनंतर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावेत.)